घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय? कोकणच्या हवेत आणि लाईटवर टिकेल असा कॉम्प्युटर कसा निवडाल

जाखडीच्या गाण्याखाली बीट घालायचा असो, कोळीगीताचं रीमिक्स असो किंवा शिमग्याच्या ढोलाचे लूप कापून त्यावर सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर तयार करणारं वाद्य) वाजवायचा असो, आता हे सगळं घरातल्या एका कॉम्प्युटरवर होतं. अडचण दुकानात सुरू होते. ‘म्युझिकसाठी पाहिजे’ म्हटलं की समोर गेमिंगचा लॅपटॉप येतो, लाल-हिरव्या दिव्यांसकट. त्यातलं महागडं ग्राफिक्स कार्ड संगीताला जवळजवळ काहीच उपयोगाचं नसतं.

संगीताची गरज वेगळी आहे. व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला दहा मिनिटं जास्त लागली तर तुम्ही चहा पिऊन येता. संगीतात दर काही मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार असावाच लागतो. एक तुकडा उशिरा आला की स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज येतो. म्हणून इथे सगळ्यात वेगवान मशीनपेक्षा वेळ न चुकवणारं मशीन शोधायचं. आणि आपल्याकडे त्याच मशीनला खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि येणारी-जाणारी लाईटही झेलायची असते. निम्मा निर्णय त्यावरच ठरतो.

आधी काम आणि सॉफ्टवेअर

फक्त बीट आणि सिंथ करणार असाल, तर मध्यम ताकदीचं मशीन पुरतं. मृदंग, झांज, गायक असे सात-आठ माइक एकाच वेळी रेकॉर्ड करायचे असतील, तर इंटरफेसवरचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बाहेरच्या साउंड कार्डवरचा खर्च वाढतो, कॉम्प्युटरवरचा फारसा नाही. वाद्यवृंदाच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) वापरायच्या असतील, तर मात्र रॅम आणि डिस्क दोन्ही मोठी लागतात.

सॉफ्टवेअर मशीनच्या आधी ठरवा. लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या मशीनवर चालतं, विंडोजवर नाही. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्यूबेस आणि रीपर विंडोजवर आणि मॅकवर दोन्हीकडे चालतात. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्तीही सगळं करू देते, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. त्याची सगळ्यात स्वस्त आवृत्ती घ्यायच्या आधी हे लक्षात घ्या की तिच्यात माइकवरून आवाज रेकॉर्ड करता येत नाही. बऱ्याच इंटरफेस आणि मिडी कीबोर्डबरोबर (कॉम्प्युटरमधला सिंथ वाजवायच्या पट्ट्या) एबलटनची लाइट आवृत्ती फुकट मिळते. सुरुवातीला तेवढी पुष्कळ. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सिंथ फुकट आहेत आणि ते कामचलाऊ अजिबात नाहीत. मित्राच्या पेनड्राइव्हवरचं क्रॅक सॉफ्टवेअर टाळा. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्हायरस तिथूनच येतो आणि अपडेट बंद पडतात.

बफर: हे समजलं की बाकीचं सोपं

कॉम्प्युटर आवाज एकेक थेंब पाठवत नाही, गठ्ठ्याने पाठवतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं समजा: बोट मोठी असेल तर सगळ्या गाड्या आरामात चढतात, पण ती सुटायला वेळ लागतो. छोटी बोट पटापट सुटते, पण चढणाऱ्याला घाई करावी लागते आणि एखादी गाडी धक्क्यावर राहते. राहिलेली गाडी म्हणजे तो ‘कट्’ आवाज.

आकडे असे आहेत. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं घेताना, १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे असं एक मोजमाप) बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३.२. प्रत्यक्षातला उशीर याहून थोडा जास्त असतो, कारण ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि इंटरफेस आपापला वाटा घालतात. ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला दहा-बारा मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर हाताला जाणवायला लागतो. म्हणून वाजवताना १२८, मिक्सिंग करताना ५१२ किंवा १०२४ अशी सवय लावून घ्या.

नवखे लोक इथे एका गोष्टीत हमखास गोंधळतात. टास्क मॅनेजर प्रोसेसर ३० टक्के वापरात आहे म्हणतो आणि आवाज तर तुटतोय. कारण एका ट्रॅकवरची साखळी, म्हणजे सिंथ आणि त्यावरचे इफेक्ट, मग ईक्यू, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब, एकामागून एकच चालते. ती प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांत, वाटता येत नाही. एक कोअर पूर्ण भरतो, बाकीचे रिकामे बसतात. शेवटी मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, जे काही लावलंय त्याला सगळ्या ट्रॅकची वाट बघावी लागते. तेव्हा टास्क मॅनेजरकडे बघू नका, संगीताच्या सॉफ्टवेअरमधला मीटर बघा.

प्रोसेसर

वरच्या कारणामुळे कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती दमदार, हे आधी बघायचं. सहा दमदार कोअर असले की घरगुती कामाला पुरे.

लॅपटॉपवरची नावं फसवी असतात. इंटेलचा आय५-१२३५यू ‘दहा कोअर’चा म्हणून विकतात. त्यातले दमदार फक्त दोन, बाकीचे आठ वीज वाचवणारे छोटे. आय५-१२४५०एच आठ कोअरचा आहे, पण त्यात चार दमदार आहेत. शेवटचं ‘यू’ म्हणजे १५ वॅटचा, ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा. संगीताला एच बरा, त्याबरोबर येणारा पंख्याचा आवाज आणि कमी टिकणारी बॅटरी सोसायची तयारी ठेवून. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा: रायझन ५ ७५२०यू हा जुन्या झेन २ बांधणीचा चार कोअरचा आहे, तर ७५३०यू झेन ३ बांधणीचा सहा कोअरचा. नावात दहाचा फरक, कामात पिढीचा. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपची रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही.

डेस्कटॉपसाठी आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी हे दोन्ही सहा कोअरचे आहेत आणि त्यांच्यात ग्राफिक्स आतच असतं. इंटेलच्या नावाला शेवटी ‘एफ’ लागला असेल तर आतलं ग्राफिक्स नाही. मग वेगळं कार्ड घ्यावं लागतं आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

मॅककडे कल असेल तर एम१ किंवा त्यापुढचा कोणताही चालेल. २०२४ चा एम४ मॅक मिनी १६ जीबी रॅमपासून सुरू होतो. त्यातली २५६ जीबी डिस्क कमी पडते, सॅम्पल बाहेरच्या एसएसडीवर ठेवावे लागतात. मॅकबुक एअरला पंखाच नसतो. शांतता मिळते, पण मे महिन्यात दुपारी मशीन तापून वेग कमी करतं. मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि मॅकबुकची डिस्कही बोर्डवरच असते. ओलाव्याने बोर्ड गेला तर डेटाही गेला.

रॅम आणि डिस्क

८ जीबीमध्ये शिकता येतं, काम करता येत नाही. विंडोजच तीन-चार जीबी खातो. १६ घ्या, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. एकाच पट्टीत घेतली तर मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. सॅम्पल लायब्ररी वापरणार असाल तर ३२. आज १६ घेऊन नंतर वाढवायचा विचार असेल, तर लॅपटॉप उघडल्यावर आत दुसरा स्लॉट आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

डिस्क एसएसडीच हवी. विंडोज आणि सॉफ्टवेअरला ५१२ जीबी, सॅम्पलना वेगळी १ टीबी अशी विभागणी सोयीची. दुसरी एसएसडी साध्या, कमी वेगाच्या साटा जातीची असली तरी बिघडत नाही. दोन्हीकडे १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. स्वतःचं रेकॉर्डिंग फार जागा घेत नाही: २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओ मिनिटाला साधारण १६ एमबी. जागा खातात त्या लायब्ररी. त्या एकदा डाऊनलोड झाल्या की बाहेरच्या डिस्कवर एक प्रत ठेवा, कारण गावातल्या नेटवर पन्नास-साठ जीबी दुसऱ्यांदा उतरवणं ही शिक्षा आहे. सॉफ्टवेअर घेताना त्याचं लायसन्स इंटरनेटशिवाय चालू करता येतं का, हेही बघून ठेवा.

लॅपटॉप की डेस्कटॉप

शहरातल्या लेखात याचं उत्तर ‘तुम्हाला फिरायचंय का’ इतकंच असतं. इथे प्रश्न लाईटचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं कित्येक दिवस अंधारात होती. ती टोकाची गोष्ट झाली, पण पावसाळ्यात दिवसातून दोन-चारदा लाईट जाणं हे रोजचं आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस आतच आला. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर आलं तरी तो तक्रार करत नाही.

डेस्कटॉपची बाजू दुरुस्तीची. खाऱ्या हवेने एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, आणि तो चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, अलिबाग अशा कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर तो घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो, आणि पंधरा-वीस दिवस गेले समजा.

आमचं मत: घरात चांगला इन्व्हर्टर आहे, खोली कोरडी आहे आणि मशीन हलवायचं नाही, तर डेस्कटॉप. नमन-खेळ्यांच्या नाहीतर बेंजो पार्टीच्या तालमीला मशीन न्यायचं असेल, तर लॅपटॉप, आणि घरी येऊन सेवा देणारी म्हणजे ऑन-साइट वॉरंटी पैसे देऊन घ्या. आपला पिनकोड त्या सेवेत येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन, मॉनिटर आणि छोटे स्पीकर मिळून दीडशे वॅटच्या आत राहतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपतो आणि दहा-पंधरा मिनिटं देतो. सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरे. व्होल्टेज सांभाळणारा, म्हणजे लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचाच घ्या. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, आणि हे लाईट गेल्यावरच कळतं. म्हणून दर दोन महिन्यांनी प्लग काढून बघा.

घराच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो प्युअर साइन वेव्ह असावा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून गुरगुर येते आणि चांगले पॉवर सप्लाय कधीकधी सरळ बंद पडतात. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणभरात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. यूपीएस वीज अडवत नाही. इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढा, वीज तिथूनही येते.

साउंड इंटरफेस आणि जोडणी

लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डवर सुरुवात करता येते. विंडोजवर एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवायची पद्धत) वापरणारा एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकला की उशीर बराच कमी होतो. पण दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस घेतलात तर त्याच कॉम्प्युटरवर बफर निम्म्यावर आणता येतो. प्रोसेसरवर जास्तीचे पैसे घालण्याआधी हा खर्च करा. इंटरफेस घेताना एकच प्रश्न विचारा: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का? नसेल तर सोडा. मॅकला हा ड्रायव्हर लागत नाही.

थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या मागे लागू नका. बहुतेक छोटे इंटरफेस यूएसबी २ वरच चालतात. मात्र मशीनला निदान तीन यूएसबी सॉकेट असू देत: इंटरफेस, मिडी कीबोर्ड, बाहेरची डिस्क. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट मशीनला लावायचा. जुन्या ऑक्टापॅडला यूएसबी नसतो, मागे गोल पाच पिनांचं मिडी सॉकेट असतं. त्यासाठी मिडी ते यूएसबी केबल किंवा मिडी सॉकेट असलेला इंटरफेस लागतो.

स्पीकरमधून ‘हम्म्’ अशी सततची गुणगुण, म्हणजे हम येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. सड्यावरच्या, कातळावरच्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, कारण खड्डा खोल जात नाही आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घ्या आणि उन्हाळ्यात पाणी घाला. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट कमी पकडणारी केबल वापरा. हम घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग भेटतात. ओल्या हवेत हा जिवाशी खेळ आहे.

खारी हवा, बुरशी आणि मुंग्या

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर पहिला बळी सॉकेट आणि रॅमच्या पट्ट्यांच्या टोकांचा. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप वाजतं. दुकानात नेण्याआधी प्लग काढून रॅमची पट्टी काढा, सोनेरी टोकं साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका, पुन्हा घट्ट बसवा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. हेडफोन आणि यूएसबीची सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतात.

पावसाळ्यात मशीन रोज अर्धा-एक तास चालू ठेवा. आतली ऊब ओलावा धरू देत नाही. जूनमध्ये झाकून ठेवलेलं आणि गणपतीला उघडलेलं मशीन हमखास त्रास देतं. कीबोर्ड आणि इंटरफेस झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून ते पुन्हा वापरता येतं. प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळू नका, आत घाम धरतो.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, भिंतीलाही चिकटवू नका. जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते. मागच्या फटींना बारीक जाळी लावा. उबेला मुंग्या आणि पाली येतात, आणि पॉवर सप्लायमध्ये शिरलेली पाल स्वतःबरोबर फ्यूजही घेऊन जाते. लाल मातीची धूळ वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि दिवाळीनंतर, ब्लोअरने उडवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

शांत पंख्यासाठी जादा पैसे मोजावेत का? पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पंखा कोणाला ऐकू येणार! माइकचं रेकॉर्डिंग पावसाळ्यानंतर करा आणि तोवर कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर बीट बनवा.

नदी-खाडीकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. बॅकअपची एक डिस्क दुसऱ्या घरी, उंचावर असू द्या.

जुनं मशीन घेताना

कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप चांगले मिळतात. मर्यादा एक: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. त्याआधीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. आठव्या पिढीचा थिंकपॅड टी४८० शिकायला चांगला, त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. बिजागरं, चार्जिंगचं सॉकेट आणि तळाच्या स्क्रूवरचा गंज बघा. स्क्रू गंजलेले असतील तर आतही तेच आहे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

आधी सगळे विंडोज अपडेट, मग इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा, वनड्राइव्हचं सिंक थांबवा.

मग कोणता ड्रायव्हर आवाजाला अडवतो ते दाखवणारा लेटन्सीमॉन हा फुकट प्रोग्राम अर्धा तास चालवा, एकदा वाय-फाय चालू ठेवून, एकदा बंद करून. लाल पट्टी आली तर खाली कोणत्या फाइलचं नाव येतं ते बघा. एनडीआयएस म्हणजे नेटवर्क: वाय-फायचा ड्रायव्हर बदला किंवा वाजवताना वाय-फाय बंद ठेवा. एसीपीआय म्हणजे बॅटरी आणि वीज व्यवस्थापन: बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. एनव्हीने सुरू होणारं नाव म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

शेवटी ओझं टाकून बघा. रीपरमध्ये बफर १२८ ठेवा, एका ट्रॅकवर सर्ज एक्सटी घाला, आठ सुरांचा कॉर्ड लूपवर लावा आणि आवाज तुटेपर्यंत त्या ट्रॅकच्या नकला वाढवत जा. तुटला की दोन ट्रॅक कमी करा आणि तसंच तासभर चालू द्या, शक्यतो दुपारच्या उकाड्यात. वीस मिनिटांनी पुन्हा तुटायला लागलं तर मशीन तापून वेग कमी करतंय. लॅपटॉप असेल तर हेच चार्जर काढूनही करा. बॅटरीवर ट्रॅकची संख्या थोडी घटणं साहजिक आहे, पण निम्म्याहून खाली आली तर आधी पॉवर प्लॅन तपासा.

ड्रायव्हर आणि बायोस बदलूनही लाल पट्टी जात नसेल, तर तो दोष त्या मॉडेलच्या बांधणीतला असतो, रॅम वाढवून जाणार नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत खोक्यासकट मशीन परत करा आणि दुसरं मॉडेल घ्या.